सेल बदलणारे काका

बटण दाबल्यावर कॉम्प्युटरचा पंखा नीट फिरायच्या आत काकांचं मधलं बोट डिलीटच्या बटणावर सुरू झालेलं असायचं. टक टक टक टक. पडदा अजून काळाच, आणि काका आपले दार ठोठावावं तसे ठोकत बसलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच, "अहो, तुटेल ना ते!" तर मान न वळवता म्हणाले, "सुरू व्हायच्या आधीच विचारायचं असतं बाय. एकदा कामाला लागला की मग कोण ऐकतो?"

मी सरळगावला फॉर्म भरायचं दुकान चालवते. दुकान म्हणजे एक गाळा, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाहेर बाकडं. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्ती, पेन्शनवाल्यांचे अंगठे. शेतात राबून झिजलेले अंगठे मशीनवर उमटत नाहीत, ते पुसून पुन्हा घ्यायचे, तेवढ्यात सर्व्हर बंद. संध्याकाळी घरी गेलं की आधी अर्धा तास मी कोणाशी बोलत नाही. घरच्यांना आता सवय झाली आहे. तर असल्या माझ्या दुकानात काका यायचे, आणि ते माझ्याहून थकलेले असायचे. म्हणूनच आमचं जमलं असावं.

ते आसनगावचे. शहापूर ते मुरबाड या पट्ट्यात जेवढ्या शाळा, पतपेढ्या, दवाखाने आणि माझ्यासारखी दुकानं आहेत, तिथली जुनी मशीनं त्यांच्याकडे. कधी एसटी, कधी जीप, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत दोन स्क्रूड्रायव्हर, एक रंगवायचा ब्रश धूळ झटकायला, आणि बटणाएवढ्या गोल सेलची पाकिटं. नाव त्यांना होतं, पण कोणी घेत नसे. सगळे 'सेटअपवाले काका' म्हणायचे.

आता सेटअप म्हणजे काय, ते मला त्यांनीच समजावलं. कॉम्प्युटरच्या पोटात त्याचं स्वतःचं म्हणून काही लिहून ठेवलेलं असतं. आज तारीख काय, किती वाजले, कोणती डिस्क आधी उघडायची, लाइट जाऊन परत आली तर काय करायचं. आपण चित्रं बघतो, फॉर्म भरतो, ते सगळं नंतरचं. सुरू होता होता डिलीट दाबलं की ती पानं उघडतात. काका एकेक पान वाचत जायचे. पुटपुटत, शेवटपर्यंत. बिघाड पहिल्याच पानावर दिसला तरी बाकीची पानं वाचल्याशिवाय कशाला हात लावायचे नाहीत.

"काका, मागं लोक खोळंबलेत हो," मी म्हणायची.

"असूंदे. बघायला काय जातंय?"

"माझा जीव जातोय."

"तो रोजच जातो तुझा," असं म्हणून ते पुढचं पान उघडायचे.

बाकड्यावरच्या लोकांना मात्र ते आवडायचे. मशीनची भाषा ते घरातल्या भाषेत सांगायचे ना! एका पतपेढीतल्या साहेबांनी पेनड्राइव्ह लावून ठेवला आणि मशीन सकाळी उघडेचना. साहेब घामाघूम. काका म्हणाले, "पाहुण्याला आधी पान वाढलंत, घरातला उपाशी बसलाय." पेनड्राइव्ह काढला, सेटअपमध्ये घरच्या डिस्कचा नंबर वर घेतला, झालं. साहेब त्यानंतर पेनड्राइव्हला पाहुणाच म्हणायचे.

माझ्या एका मशीनचा सेल संपायचा. सेल संपला आणि वीज गेली की मशीनला पोटातलं काही आठवत नाही, तारीख मागच्या कुठल्यातरी सालात जाऊन पडते. तारीख चुकली की सरकारी साइट उघडत नाही. एकदा असंच झालं, आणि समोर एक म्हातारी हयातीच्या दाखल्यासाठी बसलेली. पदराने अंगठा पुसून पुसून लाल केलेला. काका तारीख बघून तिला म्हणाले, "आजी, याच्या हिशेबानं तुमी अजून बऱ्याच तरण्या हाव." आजी म्हणाली, "मग राहूंदे तसंच. बदलू नको." सगळं बाकडं हसलं. मीसुद्धा हसले, आणि त्या आठवड्यात तेवढंच हसले असेन.

डोळखांबकडच्या एका शाळेतली गोष्ट तर ते रंगवून सांगायचे. तिथं रात्री लाइट गेली आणि पहाटे आली, की बंद खोलीतला कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा. खिडकीतून निळा उजेड. शिपाई घाबरला. त्याने नारळ फोडला, खोलीच्या दाराला लिंबू बांधलं, तरी उजेड येतोच. काका गेले, डिलीट ठोकलं, पानं वाचली. लाइट परत आली की चालू हो, असं त्याच्या पोटात कोणीतरी सांगून ठेवलेलं. ते त्यांनी बदललं. शिपाई दाराबाहेरूनच विचारतो, "गेला काय?"

"गेला. बोलावल्याशिवाय यायचं नाय, असं बजावलंय त्याला."

शिपायाने त्यांच्या हातात दुसरा नारळ दिला.

ही सेटिंग ते सगळीकडेच बदलायचे. आमच्याकडची वीज कशी येते तुम्हाला ठाऊक आहेच. येते, जाते, पुन्हा जोरात येते, बल्ब डोळे वटारतो आणि पुन्हा जाते. त्या धक्क्यात मशीन आपलं आपण सुरू झालं की जळतं. म्हणून काकांचा नियम, लाइट आली तरी गप पडून राहायचं, माणसाने बटण दाबलं तरच उठायचं. तालुक्यातली किती मशीनं त्यांच्या या सांगण्यावर चालत होती, देव जाणे.

फक्त एक मशीन त्या सांगण्यावर चालत नव्हतं, आणि ते त्यांच्या घरातलं.

मला ते कळलं ते त्यांच्या फोनमुळे. काम करताना ते फोन माझ्या प्रिंटरला टेकवून उभा ठेवायचे. त्यावर सतत काहीतरी चालू असायचं आणि त्यांची नजर दर मिनिटाला तिकडे जायची. मला वाटलं, मालिका बघतात. "काय काका, सासूने सुनेला घराबाहेर काढलं का?" असं मी एकदा चेष्टेत विचारलं. ते हसले नाहीत. फोन उचलून माझ्यासमोर धरला. एक खोली, एक लोखंडी पलंग, पलंगावर चादरीखाली एक बाई. मान कॅमेऱ्याकडे. हलत नव्हती.

"घरातली माझी," काका म्हणाले. "अंगावरून वारं गेलं. डावी बाजू सगळी. बोलते थोडं थोडं."

मी चहा मागवला.

मग हळूहळू कळत गेलं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. काका सकाळी काकींचं सगळं उरकून, बाहेरून कुलूप लावून निघायचे. दुपारी शेजारची बाई दुसऱ्या किल्लीने उघडून दोन घास भरवायची, कपडे बदलायची, पुन्हा कुलूप लावून जायची. बाकी दिवस काकी एकट्या. म्हणून काकांनी लोकांनी टाकून दिलेल्या मशीनचे तुकडे जोडून एक कॉम्प्युटर बनवला, पलंगासमोर टेबलावर ठेवला, वर छोटा कॅमेरा चिकटवला. तो दिवसभर काकींकडे बघायचा आणि काका दिवसभर फोनमध्ये बघायचे. काही झालं तर समजेल, एवढ्यासाठी.

"आणि लाइट गेली तर?" मी विचारलं.

"गेली तर गेली. आली की आपोआप उठतो. सांगून ठेवलंय त्याला."

"अख्ख्या तालुक्याला बंद राहा सांगता आणि घरच्याला चालू?"

"तिथं बटण दाबायला कोण हाय गो?"

त्यानंतर मी सासू-सुनेची चेष्टा केली नाही. काका आले की प्रिंटरवरचे कागद उचलून फोनला जागा करून द्यायची, एवढंच. कधीकधी मलाही सवय लागली. फॉर्म भरता भरता मीही बघायची. काकी पडलेल्या असायच्या, डोळे उघडे, चेहरा शांत. मला वाटायचं, किती सोशिक बाई आहे! हूं का चूं नाही.

त्या दिवशी माझ्याच मशीनचा सेल बदलायला ते आले होते. दिवाळीच्या आधीचे दिवस, भातकापणी जोरात. दुकानात चिटपाखरू नव्हतं, सगळे शेतावर. काकांनी मशीनचं झाकण उघडलं, जुना सेल काढला आणि तेवढ्यात फोनमधलं काकींचं चित्र जाऊन फोन काळा झाला.

"लाइट गेली असंल," ते म्हणाले.

थोडा वेळ गेला. ब्रशने धूळ झटकून झाली. फोन काळाच. काकांनी घराच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, लाइट गेली होती, पण मघाशीच आली की! काकांनी फोनकडे बघितलं. काळा. शेजारच्या बाईला लावला. रिंग वाजून वाजून थांबली. ती कापणीला गेलेली, फोन घरात. पुन्हा दुकानदाराला लावला, जरा घराकडे बघून येतोस का म्हणून. तो म्हणाला, दुकानात एकटाच हाय, गर्दी कमी झाली की जातो.

काका खाली बसले. हातात स्क्रूड्रायव्हर तसाच. नवा सेल टेबलावर पडलेला, तो त्यांना दिसला, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"माझा सेल गेला," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही.

"घरचा गो! कधीचा घातलेला, मी बदललाच नाय. सेल गेला आणि लाइट गेली की सांगितलेलं सगळं विसरतो तो. लाइट आली तरी आता उठायचा नाय. सगळ्या जगाचे सेल बदलत फिरतोय आणि..."

"मशीनच बंद असेल हो. काकींना काय झालं असेल लगेच!"

"मशीनच असंल. सेलच तो," ते म्हणाले. पण उठले आणि पिशवी न घेताच रस्त्यावर जाऊन एसटी बघायला लागले. त्या वेळेला एसटी कुठली? मी शटर ओढलं, स्कूटी काढली. "बसा मागे," म्हटलं.

किन्हवली मार्गे शहापूर, तिथून आसनगाव. रस्ता म्हणजे काय सांगायचं, खड्डा चुकवावा तर पुढचा त्याहून मोठा. त्यात भाताचे भारे घेऊन ट्रॅक्टर मध्येच. काका मागे बसून सारखं एकच म्हणत होते, "सेलच असंल. दुसरं काय नाय. सेलच." मी हो म्हणत होते. किन्हवलीच्या पुढे ते बोलायचे थांबले, तेव्हा मला जास्त भीती वाटली. मनातल्या मनात मी कोणाकोणाला नवस बोलले ते आता सांगत नाही.

घरापाशी पोहोचलो तर त्यांना कुलूप उघडेना. मी किल्ली घेतली, उघडलं.

काकी होत्या. जाग्या होत्या. मान मात्र कॅमेऱ्याकडे नव्हती, खिडकीकडे होती. बाहेर शेवग्याच्या झाडावर कसलीशी पाखरं भांडत होती, तिकडे त्या बघत होत्या. दार वाजलं तशी त्यांनी डोळे आमच्याकडे फिरवले.

"आलात?" त्या म्हणाल्या. शब्द जड यायचे त्यांचे, पण समजायचे. "इतक्या लवकर?"

मी दाराशी टेकले. आणि काकांनी काय केलं असेल? मी समोर होते म्हणून सांगते, नाहीतर मी विश्वास ठेवला नसता. बाई जिवंत आहे, बोलते आहे, एवढं बघितलं आणि ते सरळ टेबलाकडे गेले. मशीनचं बटण दाबलं आणि पलंगाकडे पाठ करून उभ्या उभ्या सुरू झाले. टक टक टक टक.

"बघ, मी बोललो ना, सेलच," ते मला म्हणाले. पडद्यावर कुठल्यातरी जुन्या सालातली तारीख. काका पहिलं पान वाचायला लागले.

"अवो," काकी म्हणाल्या.

"थांब जरा, हे लावून घेतो. लगेच सुरू होईल."

"अवो, मी हिकडं हाय."

काकांचं बोट थांबलं.

ते वळले. मीही तेव्हाच नीट बघितलं. काकींचे डोळे सुजलेले, गालावरून खाली उशीपर्यंत ओलं. उजव्या हाताच्या मुठीत पदराचं टोक, तेही ओलं. त्या काही लपवत नव्हत्या.

"काय झालं? दुखतंय काय? कुठं दुखतंय?" काका पलंगापाशी खाली बसले.

"काय नाय दुखत." दम घेत घेत त्या बोलत होत्या. "त्याची ती लाइट असते ना, बारकी, हिरवी. ती इझली. मग रडून घेतलं."

"म्हणजे?"

"रोज कधी रडू? रडले तर तुमाला दिसतंय. दिसलं की काम टाकून येणार. मग तसंच तोंड करून पडून राहायचं. दिवसभर." त्या थांबल्या. "आज पोटभर रडले. बरं वाटलं."

मशीन घुर्र घुर्र करत होतं. मी इतके महिने त्या फोनमध्ये बघत होते तो शांत चेहरा, तो काकी रोज मुद्दाम करून ठेवत होत्या. माझ्या तर डोळ्याला धारच लागली. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आतून काकींचा आवाज आला, "लांबून काय बघताय? बघायचं तर हिकडं बसा."

काका काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने मशीनचा आवाज बंद झाला.

त्यानंतर काकांनी फिरती सोडली. एका दिवसात नाही. दोन-तीन शाळांचं हाती घेतलेलं काम संपवलं, सगळ्यांना फोन करून सांगितलं. लोक नाराज झाले. पतपेढीचे साहेब म्हणाले, असं कसं, आमची सवय झाली तुमची. काका म्हणाले, मला पण झाली होती. पोटापुरतं म्हणून घराच्या ओट्यावर लोकांचे मिक्सर, पंखे घेऊन बसतात म्हणे. कमी मिळतं. ओढाताण होते, ते दिसतंच.

माझं मशीन झाकण उघडं तसंच पडलं होतं. तो सेल शेवटी मी घातला, काकांना फोन लावून. "आधी पानं बघ," ते सांगत होते, "शेवटपर्यंत बघ, मग तारीख बदल." मी चिडले, "अहो काका, दिसतेय ना तारीख समोर!" तर पलीकडून काकींचा आवाज, "नीट सांगा तिला, ओरडू नका." "मी कुठं ओरडतोय? तीच ओरडतेय!" काका म्हणाले. तिघंही थोडा वेळ भांडलो आणि मग फोन ठेवला. आता नवी मशीनं येतात, त्यांचा सेटअपसुद्धा माउसने चालतो, चित्रं आहेत, रंग आहेत. दुरुस्तीला एक तरुण येतो, भराभर करतो आणि जातो. काम चांगलं आहे त्याचं. मला उगाच चुकल्यासारखं वाटतं.

परवा शहापूरला तहसीलला काम होतं, तशीच पुढे आसनगावला गेले. उन्हाची वेळ. अंगणातूनच दार उघडं दिसलं. टेबलावरून कॉम्प्युटर गेला होता. कुठे गेला, मी विचारलं नाही. टेबल भिंतीला सरकवून त्या जागी खुर्ची ओढलेली, आणि खुर्चीत काका. केस जास्त पांढरे झालेत, खांदे उतरलेत. काकींना झोप लागलेली. तोंड थोडं उघडं, कपाळावर घाम, चेहऱ्यावर कसला आव नाही.

लाइट गेलेली होती. काका एका जुन्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यांना वारा घालत होते. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि डोळ्यांनीच बस म्हटलं. मी उंबऱ्यावर बसले.

थोड्या वेळाने लाइट आली. शेजारी कुणाचा तरी रेडिओ लागला, आमच्या डोक्यावरचा पंखा करकरत फिरायला लागला आणि काकींच्या कपाळावरची बट उडाली. काका त्यांच्याकडेच बघत होते. पुठ्ठा काही थांबला नाही.